रिकामी दोरी

“एकच गोष्ट लक्षात ठेवा, मोतीराम. बाण नसताना दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही,” सुधा मॅडम म्हणाल्या.

मी “हो हो” म्हणालो. माझं सगळं लक्ष त्या धनुष्याकडे. शाळेच्या मैदानावर बाकीच्या पोरी बांबूची धनुष्यं घेऊन उभ्या होत्या. हे तांबूस लाकडाचं, टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली, मूठ मॅडमच्या घामानं काळी पडलेली. तीस वर्षं जुनं, परदेशी. शाळेत तिरंदाजी शिकवणाऱ्या मॅडम ह्याच धनुष्यावर राज्य स्पर्धा खेळल्या होत्या. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी ते विकायचं ठरवलं, पण माझ्या लेकीशिवाय, रूपालीशिवाय, कुणाला द्यायला तयार नव्हत्या. गणपतीतल्या झेंडूचे सगळे पैसे मी त्यांच्या हातावर ठेवले.

“बाण नसला तर काय व्हतं?” काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

“सगळा झटका धनुष्यालाच बसतो. लाकूड जुनं आहे, तडकेल.”

“मला माहितीये मॅडम,” रूपाली हसली. “आप्पांना कशाला सांगताय? ते थोडेच हात लावणारेत!”

हे २००१ सालचं. रूपाली नववीत होती. मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा. तिथं भुशाची पोती रचून पोरगी रोज संध्याकाळी नेम धरायची आणि मी फुलांना पाणी देण्याचं सोंग करत तिच्याकडे बघत राहायचो. आमच्या घरात कोयता आणि खुरपं सोडून कुणी काही हातात धरलं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी जिल्ह्याची निवड होती. तिथं निवडली गेली तर पोरगी पुण्याच्या शिबिराला जाणार होती.

खंडेनवमीच्या सकाळी माझी बायको नवसाबाई आणि रूपाली झेंडूचे क्रेट घेऊन पंचवटीच्या बाजारात गेल्या. अवजारांची पूजा माझ्याकडे. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप पाटावर मांडला आणि मध्ये धनुष्य ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. तिथंच उठलो असतो तर बरं झालं असतं.

लहानपणापासून कीर्तनात धनुष्याचा टणत्कार ऐकत आलो होतो. वाटलं, आपल्या घरात आता धनुष्य आहे, एकदा ऐकू तरी. दोरी कशी चढवायची ते रूपालीकडे बघून ठाऊक झालं होतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, कपाळाला कुंकू लावून, छाती काढून उभा राहिलो. दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

टणत्कार झाला. त्याच्या मागोमाग भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा बारीक आवाज आला. मुठीखालच्या पात्यावर केसाएवढी चीर पडली होती. माझ्या बोटांची हळद तिच्यात शिरली. मी पुसली, पण चिरेतली निघेना. म्हटलं, ओरखडा असेल. दोरी उतरवून धनुष्य होतं तसं ठेवून दिलं. ओरखडाच आहे, असं मी मनाला सांगितलं, पण माझ्या मनालाही ते पटलं नव्हतं.

शनिवारी रात्री सांगता आलं असतं. रविवारी लुनावर मागं बसून ती मैदानापर्यंत बडबड करत होती, तेव्हाही आलं असतं. सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, एवढंच कारण. तडकलेलं धनुष्य पोरीच्या हातात देताना मात्र लाज वाटली नाही.

तिनं तिसरा बाण ओढला आणि पातं फाडकन तुटलं. एक ढलपी तिच्या डोळ्याखाली लागली. रक्त आलं. बोटभर वर लागली असती तर डोळाच गेला असता.

सुधा मॅडम धावत आल्या. तिचा डोळा ठीक आहे हे बघितल्यावर त्यांनी धनुष्य उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला. “रिकामी सोडलीस?”

“नाही मॅडम. शपथ.”

“हे असं आपोआप होत नाही, रूपाली.”

रूपालीनं तुटलेलं पातं हातात घेतलं. लाकडाच्या आत पिवळी रेघ होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली, मग तिनं माझ्याकडे बघितलं.

“मोतीराम, घरी कुणी हात लावला होता का?” मॅडमनी विचारलं.

आजूबाजूला पोरी, त्यांचे आईबाप, पंच. मी हात जोडले. “लेकरू हाय मॅडम. झाली असंल चूक. पदरात घ्या.”

रूपालीनं “पदरात घ्या” हे शब्द ऐकले आणि मान खाली घातली. “हो मॅडम,” ती म्हणाली. “माझ्याकडूनच सुटली.”

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. आईनं विचारलं तर “कंटाळा आला” म्हणाली. माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, आणि तेच मला सोसत नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बाजारात आमच्या पाटीसमोर सुधा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. रूपाली हार ओवत होती.

“सराव का सोडलास गं?” मॅडम तिला म्हणाल्या. “चूक केलीस, कबूल केलीस, माझ्यासाठी विषय संपला. सोमवारी ये. शाळेचं धनुष्य देते.”

रूपाली सुई हातात धरून माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. ती वाट बघत होती. अख्खा बाजार ओरडत होता. मला चार शब्द बोलायचे होते, फक्त चार, आणि ते ऐकायला दोनच माणसं होती.

“कोणता हार देऊ, मॅडम?” मी म्हणालो.

रूपालीनं सुईत पुढचं फूल घेतलं.

“नाही येत मॅडम मी,” ती शांतपणे म्हणाली. “पुन्हा काही झालं तर आप्पांना माझ्यासाठी हात जोडावे लागतील.”

मॅडमना वाटलं, किती गुणाची पोर. तिच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी मला तसं बोलूनही दाखवलं. मी मान डोलावली आणि त्यांना हार कागदात बांधून दिला.