शिडीची कुरकुर

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हणजे मोडीतली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, भिंतीला टेकलेली प्रत्येक शिडी काही रिकामटेकडी नसते.

माझा धनी घरं शाकारायचा. फुटकी कौलं काढायची, नवी बसवायची, हे त्याचं काम. त्यानेच मला तासलं. बारा पायऱ्या, एकही वाकडी नाही! पहिल्याच वर्षी सोसाट्याच्या वाऱ्याने मला छपरावरून आपटलं आणि डाव्या दांड्याला वीतभर चीर गेली.

"घाला चुलीत," धनीण म्हणाली.

"तुझा गुडघा दुखतो म्हणून तुला घातलं का?" असं म्हणून धन्याने चिरेवर काथ्याची दोरी आवळली.

तेव्हापासून वादळ यायचं असलं, की ओल्या हवेने माझं लाकूड फुगायचं, दोरी काचायची आणि चीर ठणकायला लागायची. आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी! धन्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, की मी करकरायचे. तो तसाच मागे फिरायचा.

"आज म्हातारी नको म्हणतेय."

गिऱ्हाईक हसायचं. दुपारी पत्रे उडायला लागले, की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पुढे पुढे तर शेजारणी कपडे वाळत घालायच्या आधी माझा कौल घ्यायला यायच्या. तीस वर्षं मी धन्याला वाऱ्याच्या तोंडी दिलं नाही. बढाई नाही, खरं तेच सांगते.

मग त्याच्या मुलीला काळजी लागली. पोर गुणी, पण उतावळी. "बाबा, या वयात मोडक्या शिडीवर चढता?" तिने दोरी कापली आणि लोहाराकडून दोन लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या. आठ खिळे. "आता बघा, हूं की चूं करणार नाही!"

लेकीचं मन मोडणं धन्याला कधी जमलंच नाही. त्याला वाटलं, म्हातारीला बोलायचं असेल तर बोलेल.

पुढच्याच आठवड्यात शाळेचं छप्पर होतं. सकाळचं ऊन लख्ख पडलेलं, आणि मी आतून नुसती ठणकत होते. धन्याने पायरीवर पाय ठेवला, कान दिला. मी सगळा जीव गोळा केला. पट्ट्या हलल्या नाहीत.

"आज खूश दिसते," तो म्हणाला आणि वर गेला.

वारा आला. आधी त्याच्या हातातलं कौल खाली आलं. मग तो.

आता तो खाटेवर असतो आणि मी त्याच्या उशाशी, भिंतीला. कमरेचं हाड मोडलं, चालणं संपलं. वादळाआधी तेच हाड ठणकतं आणि तो कण्हतो. मुलगी धावत गोळी आणते. "पडा बरं गप, बाबा."

परवा तो म्हणाला, "गोळी घेतो गं. पण आधी विचार तरी, हाड काय म्हणतंय."

तिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. तिची नजर माझ्या पट्ट्यांवर गेली. मग तिने पक्कड आणली आणि एकेक करून आठही खिळे उपटले. माझी चीर उकलली आणि मी करकरले, केवढ्यांदा तरी.

"ऐकलंस?" धनी म्हणाला. "खिडक्या लावून घे."

तिने डोळे पुसत खिडक्या लावल्या. संध्याकाळी वादळ आलं.

मित्रांनो, माझ्यावर आता कुणी चढायचं नाही. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते त्या एका सकाळचं. म्हणून सांगते, घरात कुणी कण्हायला लागलं तर औषध द्याच, पण त्याला गप्प करायच्या आधी घटकाभर त्याच्यापाशी बसा. आणि कुणाला जमलं तर माझी दोरी तेवढी परत बांधा.