दान्यालचं नाक

"पोट साफ हुतं का मामा?" रान्वानं कागदावरची नजर न उचलता विचारलं.

"आगं, ह्यो काय इचारायचा सवाल हाय?" दान्यालची बायको सुन्व्हा शेगडीपासून ओरडली. "आज पाचवा दिस. कुंपनाकडंचं रूबार्बचं समदं आंबट देठ पोट सुटायला शिजवून घातलं. मेंढीला घातला असता तर डोंगर सोडून पळाली असती. ह्यो आपला ढिम्म!"

दान्याल खिडकीतून समुद्राकडं बघत राहिला. तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. पार्किन्सननं आधी त्याचा उजवा हात थरथरवला होता, मग तोंड गोठवलं होतं.

रान्वा त्याच्या बहिणीची पोरगी आणि बेटावरची नर्स. "हात थरथरतोय ते दिसतंय मामा. न दिसणारं लिहून न्यायचंय मला. झोपेचं कसं?"

"झोपेत मेंढरं हाकतो!" पुन्हा सुन्व्हाच. "परवा माज्या कंबरंत लाथ घातली आन् वर मलाच म्हनतो, कड्यावनं मागं फिर, भवाने!"

"सुन्व्हा, तिनं मला इचारलंय," दान्याल पुटपुटला.

"मग बोल की! तुजं बोलनं शेगडीपातूर येईना, म्हनून मी बोलतीया."

"उठताना चक्कर?"

"येती."

"आन् वास? वास येतो का?"

सुन्व्हा पोट धरून हसली. "ह्येला? आगं बये, गावाचं नाक हाय त्यो!"

खरंच होतं ते. शरदात मेंढरं कापली की त्यांच्या तंगड्या फटीफटीच्या लाकडी खोपीत टांगायच्या, समुद्राचा वारा खाऊ द्यायच्या. ख्रिसमसच्या सुमाराला मटन मुरतं आणि असा वास सुटतो की परका माणूस पुढच्या बोटीनं परत जातो. मुरलेलंही घाण मारतं, सडलेलंही घाण मारतं. दोहोंतला केसभर फरक दान्यालला कळायचा. तीस वर्षं तो हुंगून सांगेपर्यंत कुणी सुरी लावत नसे.

"येतो की," दान्याल म्हणाला.

"नीट आठव मामा. लई जनांचं हात थरथरायच्या आधीच नाक जातं."

"येतो म्हनलं न्हवं!"

रान्वानं कागदावर खूण केली आणि निघून गेली.

दान्यालला सहा वर्षांत कशाचाच वास आला नव्हता. कॉफीचा नाही, शेणाचा नाही. पण मान जाणार म्हणून त्यानं तोंड उघडलं नाही. खोपीत जायचं, तंगडीला नाक लावून लांब श्वास ओढायचा आणि तिरक्या डोळ्यानं मालकाचं तोंड बघायचं. मालकानं आवंढा गिळला की "झकास!" वरचा ओठ वर चढला की "गाडून टाक!" सहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

दुपारी शेजारचा तुम्मस दारात. "चल दान्याल! शनिवारी पोरीचं लगीन, साठ पानं बसनार. सहा तंगड्या हायती. बघून दे."

खोपीत वारा शिट्ट्या घालत होता. दान्याल पहिल्या तंगडीवर वाकला, लांब श्वास ओढला, तिरका डोळा फिरवला. तुम्मसचं नाक बिटासारखं लाल, डोळे पाण्यानं डबडबलेले, आणि बाकीचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं कोरं.

"तुला काय झालं रं?"

"सर्दी. आठ दिस नाक गच्च हाय. म्हनून तर तुज्यावर भरवसा."

दान्यालनं तंगडी पुन्हा हुंगल्यासारखं केलं. झकास म्हणावं आणि निघालं सडकं, तर साठ माणसं लग्नातून आडवी. गाडून टाक म्हणावं तर चांगलं अन्न मातीत, आणि नवरीच्या पानात काय वाढायचं? तो तुम्मसच्या तोंडाकडं बघत राहिला. तुम्मसही त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. एकाचं तोंड सर्दीनं बंद, दुसऱ्याचं आजारानं.

"बोल की गा! तुज्या तोंडावनं काय बी कळंना."

"तुज्याबी."

"माज्या तोंडाचा काय संबंद?"

दान्यालनं तंगडी सोडली. "तुम्मस, मला वास येत न्हाई."

"तुलाबी सर्दी?"

"सहा वर्सं."

तुम्मस मटकन बादलीवर बसला. "मंग गेल्या साली चांगलं हाय म्हनलास ते?"

"तुज्या तोंडाला पानी सुटलं हुतं."

"आन् त्याच्या आदल्या साली तीन तंगड्या गाडायला लावल्यास?"

"तुजा ओठ वर गेला हुता."

"आयला! म्हंजी नाक माजंच, आन् मान तुला? लेका, टोपी काढून उभा ऱ्हायचो मी तुज्याम्होरं!"

"तुला कळत हुतं तर तूच का न्हाई बोललास?"

"मला कुटं ठाऊक, मला कळतंय म्हनून!" तुम्मस जोरात शिंकला, खोपीबाहेर डोकं काढून ओरडला, "बिल्ला! ये हिकडं!"

त्याची बायको बिल्ला पिठाच्या हातानं आली. "ह्या तंगड्या हुंग," तुम्मस म्हणाला.

"मी? दान्याल हितं असताना? मला काय कळतंय त्यातलं?"

"नुसतं हुंग म्हनलं!"

बिल्ला एकेका तंगडीला नाक लावत गेली. या खेपेला दान्यालनं दोन्ही डोळे सरळ तिच्यावर रोखले. पाच तंगड्यांशी तिनं पाच आवंढे गिळले. कोपऱ्यातल्या सहावीशी तिची डावी नाकपुडी टुणकन उडाली.

"कसं हाय?"

"न्हाई बाई सांगता यायचं."

"मी सांगतो," दान्याल म्हणाला. "पाच झकास. कोपऱ्यातली गाडून टाक."

तुम्मसनं कोपऱ्यातल्या तंगडीत हाडापर्यंत सुरी घातली. आतून हिरवा बुळबुळीत चिकटा बाहेर आला. बिल्ला दाराकडं पळाली.

तुम्मसच्या पोटात गोष्ट टिकत असती तर बरं झालं असतं. शनिवारी नवरी यायच्या आत वऱ्हाडाला सगळं ठाऊक. लोकांनी पाची तंगड्या चाटूनपुसून खाल्ल्या, दान्यालकडं बघून हसले, आणि तो कोपऱ्यात चमचा सावरत बसला. आता कुठलं नाक आणि कुठला मान! सुन्व्हा तर खोपीतली गोष्ट कानावर आल्यापासून त्याच्याशी बोलली नव्हती. सहा वर्षं करपलेली कॉफी तो गुमान का पीत होता, त्याचा हिशेब ती अजून लावत होती.

जेवणं उरकल्यावर पलीकडच्या वाडीचा याकुप हळूच शेजारी येऊन बसला. "दान्याल, उद्या सकाळी माज्या खोपीकडं ये."

"थट्टा करतोस व्हय? मला वास येत न्हाई रं."

"ठाऊक हाय. मला येतो."

"मंग मी कशाला पायजे?"

याकुपनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "माजं तोंड मला दिसत न्हाई न्हवं."