लाँचवरची पाटी

वहिनींनी पुन्हा मास्क ओढून काढला, तोंडातली नळी थुंकली आणि छातीएवढ्या पाण्यात त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"नाकात गेलं," त्या खोकत म्हणाल्या.

"जाणारच. मास्कमध्ये पाणी असताना नाकाने श्वास घ्यायचा नसतो," धाकटा दीर म्हणाला. "तोंडाने घ्यायचा, नाकाने सोडायचा. म्हणजे पाणी आपोआप बाहेर जातं."

"कळतंय हो. नाकाला कळत नाही."

तलावाच्या कठड्याला धरून त्या दम खात उभ्या राहिल्या. सकाळची वेळ होती. पोहायला येणाऱ्यांसाठी दार अजून उघडलं नव्हतं. त्याआधीचा हा तासभर पाणबुड्यांच्या क्लबाचा. भिंतीपलीकडच्या खोलीत सिलिंडरमध्ये हवा भरणारं यंत्र धडधडत होतं आणि क्लबाचा एक सभासद, बेकरीवाला, त्याच्या तालावर शीळ घालत होता.

"आजच्यापुरतं बास करू या का?" धाकट्याने विचारलं. विचारताना आपल्या आवाजात आशा डोकावली हे त्याला स्वतःलाही जाणवलं.

वहिनींनी मास्क डोळ्यांवर चढवला. "पुन्हा," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

या सगळ्याची सुरुवात क्लबाच्या बैठकीत झाली होती. गावाबाहेर जुनी दगडाची खाण आहे. कधीकाळी तिच्यात झरे फुटले आणि खाणीचं खोल हिरवं तळं झालं. तिथेच क्लबाची डुबकी चाले. थोरल्याने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, एका वर्षी सगळ्यांच्या मागे लागून एक मोडीत निघालेली लाँच मिळवली, घासूनपुसून साफ केली आणि त्या तळ्यात बुडवली. "नुसते दगड किती दिवस बघायचे?" असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून शेजारपाजारच्या गावांतले पाणबुडेही यायला लागले आणि क्लबाला बरे दिवस आले. थोरला गेला तो मात्र पाण्यात नाही. घरी, बुटाची नाडी बांधता बांधता तो कलंडला. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

लाँचवर त्याच्या नावाची पाटी लावायची, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. अध्यक्ष पेशाने दाताचे डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडून बसला आहे आणि उलट बोलू शकत नाही, अशा थाटात ते नेहमी बोलत. ठराव सगळ्यांना पसंत पडला. पाटी धाकट्याने लावावी हेही ओघाने आलंच. त्या दिवशी मुद्दाम बोलावलेल्या वहिनी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या.

"मीही येणार लावायला," त्या म्हणाल्या.

"अवश्य या. आपण काठावर तुमच्यासाठी छानशी खुर्ची..."

"काठावर नाही. खाली."

मग बेकरीवाल्याने डोळे पुसले, डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. क्लबात नवशिक्यांना शिकवण्याचं काम त्याचंच होतं.

वहिनींच्या घरी आईने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिला शिकवू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. थोरला गेल्यावरही आई वहिनींकडेच राहत होती. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. "नवऱ्याच्या नावापायी जीव धोक्यात घालायला निघाली आहे. खाली गेली आणि तिथे रडू कोसळलं म्हणजे?"

"तिला नाही कोण म्हणणार? तू?"

"तू नापास कर की. पाण्यातलं काय कळतंय तिला?"

नापास करायचं असं त्याने काही ठरवलं नव्हतं. पण इतरांना सावकाश शिकवायचे धडे त्याने वहिनींना भराभर दिले. मास्क पाण्याने भरून रिकामा करणं, नळी सोडून पुन्हा शोधणं, डोळे मिटून जोडीदाराचा हात धरून पोहणं. वहिनी गटांगळ्या खायच्या, खोकायच्या, उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा."

एकदा सरावानंतर त्यांनी त्याला आपल्या गाडीतून घरी सोडलं. गाडीच्या टपावर लाल अक्षरांत मोटार शिकवण्याच्या शाळेचं नाव होतं. वहिनी तिथे शिकवायच्या. धाकटा ज्या बाजूला बसला होता तिथेही पायाशी एक ब्रेक होता. शिकवणाऱ्याचा.

"तुम्हाला एक विचारू?" धाकटा म्हणाला. "दादासाठी एवढा त्रास घ्यायची गरज आहे का? पाटी काय, आम्ही लावूच. तुमची भावना सगळ्यांना..."

"तुमच्या दादासाठी कोण घेतंय त्रास?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. सिग्नल लाल होता. वहिनींनी गाडी न्यूट्रलला टाकली.

"लग्न झाल्यापासून दर रविवारी मी त्या काठावर बसले, भाऊजी. टॉवेल सांभाळत. डबे उघडत. हे वर आले की तासभर वर्णन. पाणी कसं हिरवं होतं, ऊन कसं खालपर्यंत येतं. एकदा म्हटलं, मलाही न्या. तर म्हणाले, तुला नाही जमायचं, तू घाबरट आहेस." त्या हसल्या. "मी घाबरट! ज्याला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला कळत नाही, त्याच्या हातात रोज गाडी देऊन मी शेजारी बसते."

"दादा काळजीने म्हणाला असेल."

"असेल. वाईट नव्हतेच हो ते. पण त्यांची आठवण काढायला मला पाण्याखाली कशाला जायला हवं? घरभर आहेत. कपाट उघडलं की आहेत." सिग्नल हिरवा झाला. "मला ते खाली काय बघत होते ते बघायचंय. बस."

धाकटा बाहेर बघू लागला. त्याला राग आला होता, आणि कशाचा ते नीट सांगता येत नव्हतं. माणूस जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्याच्याबद्दल इतक्या सहज बोलावं? तो स्वतः अजून दादाचं नाव काढत नसे. लाँचकडेही तो एकदाही फिरकला नव्हता. तिकडे जायची टूम निघाली की कुणाची तरी लिफ्ट बंद पडलेली असायची. लिफ्टची दुरुस्ती हा त्याचा धंदाच, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

वहिनी शेवटी पास झाल्या. "न्हालं एकदाचं घोडं गंगेत!" बेकरीवाला म्हणाला आणि त्याने सगळ्यांना केक वाटला.

पाटीच्या दिवशी खाणीवर झाडून सगळा क्लब हजर होता. ऊन स्वच्छ पडलं होतं. तळ्यातल्या तराफ्यावर डॉक्टरांनी थोरल्याविषयी चार शब्द सांगितले, ते चाळीस झाले. पाटी पितळेची, तळहाताहून थोडी मोठी होती. धाकट्याने ती जाळीच्या पिशवीत घालून कमरेला अडकवली. रीत अशी ठरली होती की आधी दीर-भावजयीनेच जायचं, पाटी बसवायची आणि मग बाकीच्यांनी जोडीजोडीने बघून यायचं.

"कान मोकळे करत या," तो वहिनींना म्हणाला. "काही वाटलं तर थांबायचं. घाई नाही."

"तुम्हीही," वहिनी म्हणाल्या.

तराफ्यापासून लाँचपर्यंत सोडलेल्या दोरीला धरून ते उतरू लागले. वरची कुजबुज मिटली आणि श्वासाचा घरघराट तेवढा राहिला. धाकट्याचं सगळं लक्ष वहिनींकडे होतं. त्या मध्येच थांबत, नाक चिमटीत धरून कान मोकळे करत आणि पुन्हा खाली सरकत. त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ठीक? त्यांनी तशीच खूण केली, ठीक. त्यांचे डोळे मास्कमागे मोठाले दिसत होते. त्या भ्यायल्या नव्हत्या. त्या बघत होत्या. उन्हाचे पट्टे खरोखरच खालपर्यंत आले होते, आणि वहिनींनी एक हात त्या पट्ट्यात धरून उलटापालटा करून पाहिला.

मग खालून लाँच वर आल्यासारखी दिसली. आधी नाक, मग कठडा, मग काच नसलेली चालकाची खोली.

त्या खोलीत बसायची थोरल्याला भारी हौस. नवा कोणी पाणबुड्या आला की हा आधीच जाऊन चाकामागे बसायचा, दोन्ही हातांनी चाक फिरवायचा आणि जवळ आलेल्याला ऐटीत सलाम ठोकायचा. माणूस हसायचा, मास्कमध्ये पाणी शिरायचं, आणि दादा वर आल्यावर सांगायचा, बघ, पाणी काढायचा सराव फुकटात झाला.

खोली रिकामी होती. चाकावर शेवाळ चढलं होतं.

धाकट्याने पाटी काढायला पिशवीत हात घातला. हात आत गेला आणि तिथेच राहिला. तोंडात नळी असताना हुंदका बाहेर पडत नाही, आतच फुटतो. त्याला हवा पुरेना. तो भराभर श्वास घेऊ लागला, बुडबुड्यांनी समोरचं काही दिसेना, आणि मास्कच्या आत डोळ्यांखाली पाणी साचत चाललं. ते खाणीचं नव्हतं.

त्याच्या छातीवरच्या पट्ट्याला कोणीतरी घट्ट धरलं.

वहिनी समोर होत्या. त्यांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली. माझ्याकडे बघा. मग हाताचा तळवा हळूच खाली केला. सावकाश. त्यांनी त्याच्या हवेचा काटा उलटवून पाहिला, 'वर चला' म्हणून अंगठा वर केला आणि उत्तराची वाट न बघता दोरी धरली. त्यांनी त्याला ओढलं नाही. कुठे जोर लावला नाही. शेजारी बसलेल्याचा पाय चुकीच्या ठिकाणी पडतोय हे ओळखून त्यांचा पाय ब्रेकवर जातो, तसं काहीसं झालं. पृष्ठभागाच्या थोडं खाली ठरल्याप्रमाणे थांबायचं असतं. तिथे त्या थांबल्या. एका हातात दोरी, एका हातात त्याचा पट्टा. त्या मुद्दाम लांब लांब श्वास घेत होत्या, आणि हळूहळू त्याचे बुडबुडे त्यांच्या बुडबुड्यांबरोबर सुटू लागले. त्याने मान मागे केली, नाकाने हवा सोडली आणि मास्कमधलं पाणी काढून टाकलं. कोणाला दिसलंच असतं तर तो सरावच वाटला असता.

"लागली का पाटी?" ते वर येताच बेकरीवाला ओरडला.

धाकट्याने तोंडातली नळी काढली.

"माझे कान," वहिनी म्हणाल्या. "काय ठणकायला लागले म्हणून सांगू! सहनच होईना. मीच म्हटलं, वर चला."

तराफ्यावर एकदम चुकचुकाट झाला. डॉक्टर हात द्यायला वाकले.

"होतं, होतं. नवशिक्यांचं असं होतंच," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, जरा घाई होतेय. पण तुमच्या भावनेपुढे बोललो नाही. तुम्ही बसा निवांत. पाटी आता आमच्यातले दोघं जाऊन लावून येतील."

"नको," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आम्हीच लावू. एवढं थांबलात, अजून एक आठवडा थांबा."

"वहिनींच्या कानांची मर्जी!" बेकरीवाला म्हणाला. सगळे हसले. वहिनीही हसल्या.

धाकटा पुढे झाला. "डॉक्टर, खरं म्हणजे..."

"भाऊजी, जरा या सूटची पाठीवरची चेन ओढा ना," वहिनी त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या. "अडकली आहे वाटतं."

चेन अडकली नव्हती. त्याने ती खाली ओढली.

परत येताना तो त्यांच्याच गाडीत बसला. पिशवीतली पाटी मांडीवर होती. वहिनींनी काच खाली केली. त्यांचे केस अजून ओले होते आणि त्या स्वतःशीच कसल्यातरी विचारात होत्या. एकदा मध्येच म्हणाल्या, "हिरवं म्हणजे, किती प्रकारचं हिरवं असतं हो!"

त्याचा फोन वाजला. आई होती.

"ती गाडी चालवतेय ना? म्हणून तुला केला," आई म्हणाली. "जमलं का रे तिला?"

"जमलं."

"कुठे दुखलं-खुपलं नाही ना?"

"नाही."

मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "फार रडली का?"

धाकट्याने शेजारी पाहिलं. वहिनींची नजर रस्त्यावर होती.

"नाही, आई," तो म्हणाला. "वहिनी नाही रडल्या."

पलीकडून नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला.

"बरं," आई म्हणाली. "तू तुझ्या घरी जाऊ नकोस आज. इकडेच ये तिच्याबरोबर. मी पान वाढते."

त्याने फोन ठेवला. पुढच्या चौकात त्याच्या घराकडे जाणारा रस्ता डावीकडे वळत होता. वहिनींनी काही विचारलं नाही, आणि गाडी सरळ नेली.