आईच्या आवाजाची प्रत

आईच्या घशाचं ऑपरेशन दुपारी चारला होतं, आणि त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार होता. म्हणून महिनाभर खपून मी तिची रोजची वाक्यं माझ्या लॅपटॉपवर भरून घेतली होती. ‘पाणी दे’, ‘दार लाव’, ‘मेल्या, हळू चाल’ अशी चारशे बारा. पुढे बटण दाबलं की यंत्र तिच्याच आवाजात बोलणार होतं.

नेमकी त्याच सकाळी माझ्या लॅपटॉपला अपडेटची हुक्की आली. मला विचारलंसुद्धा नाही! एक वाजता एकदाचा सुरू झाला, तर डिस्कचं कुलूप उघडायला लांबलचक आकडा मागायला लागला. कसला आकडा? मी जन्मात पाहिला नव्हता.

“घे, विकतची सिस्टीम!” दादा म्हणाला. दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि ओपन सोर्सचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट सिस्टीमचा, कट्टर भक्त. “माझी सहा वर्षांत एकदाही अडकली नाही. थांब, तुझ्या फोल्डरची प्रत रोज आपोआप माझ्याकडे येते.”

माझा जीव भांड्यात पडला. हॉस्पिटलच्या खोलीत, आईच्या पायाशी बसून त्याने आपला लॅपटॉप उघडला. चारशे बारा नावं ओळीने होती. एक लावलं, आवाज नाही. दुसरं लावलं, नाही. सगळ्या फाइल्स रिकाम्या.

“महिन्यात एकदा तरी लावून ऐकलंस का रे?”

“तुझ्या सिस्टीमने फाइल्स उघडूच दिल्या नसतील, माझी काय करणार?”

“मग तसं सांगायचं तरी! नाचता येईना, अंगण वाकडं!”

तेव्हा दीड वाजला होता. अडीच तास हातात होते. आई समोर होती, आवाज शाबूत होता. कोणाही शहाण्याने काय केलं असतं? आम्ही भांडलो. तो नेटवरच्या कुठल्या कुठल्या चर्चा काढून वाचून दाखवत होता, मी हेल्पलाइनवर ताटकळत त्याच्यावर ओरडत होते. आई मध्येच काहीतरी म्हणाली. “एक मिनिट गं आई!” म्हणून मी तिला गप्प केलं. मी! तिला! त्या दिवशी!

पावणेचारला नर्सबाई आल्या. आईने दादाचा मोबाइल माझ्या हातात ठेवला.

“तुमचं चालू दे म्हटलं. मी आपली यात बोलत बसले. आलंय का बघ,” ती म्हणाली, आणि तिला नेलं.

बाहेर बाकावर बसून आम्ही ते लावलं. तासाभराचं होतं. आई बोलत होती, हळू, दमलेल्या घशाने. काय बोलत होती ते कळत नव्हतं. तिच्या आवाजाच्या वरताण आम्ही दोघं ओरडत होतो, खणखणीत, शब्द न् शब्द स्पष्ट.

“पुढे ने,” दादा रडत म्हणाला.

पुढे नेलं. पुढेही आम्हीच होतो.