हापश्याभोवतीची रांगोळी

मी हापसा बोलतोय. बोलायची हौस नाय मला. ही तनुजा ग्रामसेविका मागं लागली, "बाबा, तुमची हकिकत सांगा." आयुष्यभर पाणी काढलं लोकांनी, आता शब्द काढा म्हणं!

फुलंब्रीकडून आलात की गावाच्या तोंडाशीच मी उभाय. एका अंगाला मोमीन गल्ली, दुसऱ्या अंगाला माळ्यांची घरं. टंचाईच्या साली ट्रॅक्टरवर उताणा टाकून आणलं मला. पहिली घागर पुंजारामच्या बायकोनं भरली. कडेवरच्या कडुबाला तिनं माझ्याच तोटीखाली न्हाऊ घातलं. काय किंचाळलं होतं पोरगं!

मग घरोघर नळ आले अन् माझ्याकडं पाठी फिरल्या. कुणी दांड्याला म्हैस बांधली, कुणी अंगावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलं. पण नळ मर्जीचा धनी. तो रुसला की माळ्यांची म्हातारी मनकर्णाबाई अन् मोमीन गल्लीतली मुबश्शिरा, दोघी घागरी घेऊन माझ्याच दारात.

एक दिवस दवंडी झाली, गावाचा आराखडा आता गावानंच करायचा. मला तवाच वास आला. गंज अंगाला चढलाय, अकलेला नाय. गावाला विचारायला येतात तवा सगळं ठरलेलं असतं.

झालं तसंच. सरपंच तात्यासाहेब माझ्या दांड्यावर हात टेकून उभे. सोबत मेंबर झालेला कडुबा.

"कमान इथंच, तात्यासाहेब. तुमच्या वडलांचं नाव लांबून दिसंल."

"अन् हा हापसा?"

"भंगार हाय ते. सभेच्या आधीच उपटू. जागा मोकळी दिसली की कोण विचारतंय?"

भंगार! न्हाऊ घातलेलं पोरगं हे!

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायांची सभा असते. आमच्याकडं ती शिपाई घरोघर अंगठे घेऊन उरकायचा. यंदा तनुजानं बायांना माझ्या ओट्यापाशी बोलावलं अन् हातात रांगोळी दिली. "गाव काढा. काय पायजे तेही काढा." मला तिचाही भरवसा नव्हता.

मनकर्णाबाईलाही नव्हता. "रांगोळीनं पाणी येतं व्हय गं? आमचा तमाशा करू नको."

"मावशी, तुम्ही काढा, मी सांगते," मुबश्शिरा म्हणाली. "पयला हापसा."

हापसा झाला, गल्ल्या झाल्या. सांडपाण्याची नाली, दिव्याचा खांब, धुण्याचा ओटा. गाव माझ्या चारी बाजूंनी पसरत पार रस्त्याला भिडलं.

"अगं, सरपंचाचा बंगला एवढासाच?"

"रांगोळी सरली, बाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच जेसीबी आलं. पुढं खांद्यावर साखळदंड घेतलेला कडुबा, मागं तात्यासाहेब. मी म्हणलं, संपलं आता. पण रांगोळीच्या कडेला येऊन डायव्हर सरफराजनं यंत्र बंद केलं.

"चालव की!" कडुबा ओरडला.

"रांगोळी हाय, भाऊ. बायांच्या हातची. मी चाक नाय घालणार. तुम्ही पुसा आधी."

कडुबानं तात्यासाहेबांकडं पाहिलं, तात्यासाहेबांनी शिपायाकडं, शिपायानं आभाळाकडं. पाय कुणाचाच पुढं पडंना.

घागर घेऊन मनकर्णाबाई आली. "पूस ना रं, कडुबा! तुझ्या आईनं इथंच न्हाऊ घातलंय तुला. फिरव पाय!"

कडुबानं खांद्यावरचा साखळदंड खाली ठेवला. तोवर सभेला निघालेलं गाव थबकलं. हे काय, ते काय, विचारू लागलं. मुबश्शिरा बोट दाखवून सांगू लागली. मग सभा तिथंच भरली. तात्यासाहेबांनी कमानीचं काढलं, तर हात वर झाले मोजकेच. नालीला, दिव्याला अन् माझ्या दुरुस्तीला आख्ख्या गावाचे.

आता दांड्याला वंगण हाय, डोक्यावर दिवा हाय. नालीचे पाईप मात्र अजून उन्हात पडलेत. म्हणून सांगतो बायांनो, एकदा जिंकलं म्हणून घरी बसू नका. दर सभेला या अन् पाईप कुठंय ते विचारा. रांगोळी वाऱ्यानं जाती, अन् वारा कुणाच्या अंगणातून सुटतो ते मला ठावं हाय.

नळ रुसला की एक माणूस कॅन घेऊन येतो अन् तोंड फिरवून हापसतो. पाणी देतो मी, पाण्यावर राग काढत नाय. पण 'भंगार' म्हणाला होता, त्याची माफी अजून मागायचीय त्यानं. पुंजारामच्या कडुबानं.