अलसूर तलावावरची डेजम्मा

मित्रांनो, बंगळूरला समुद्र नाही, मोठी नदीही नाही. तरीही मी एक जुनी शिडाची होडी आहे आणि माझे जवळजवळ सारे आयुष्य याच शहरात गेले. अलसूरच्या तलावाकाठी एका बुटक्या छपराखाली मी राहते. माझ्या मागच्या फळीवर इंग्रजी अक्षरांत ‘डेझी’ असे लिहिले आहे. माझी माणसे मात्र मला डेजम्मा म्हणतात. ही माणसे मला कशी मिळाली आणि भट्टीत जाता जाता मी कशी वाचले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म मुंबईचा. माझगावच्या एका कारखान्यात सागवानी फळ्या लाकडी बरगड्यांवर वाकवून, तांब्याच्या खिळ्यांनी घट्ट बसवून मला घडवले. समुद्राचे पाणी अंगाला लागण्याआधीच एका गोऱ्या अधिकाऱ्याने मला विकत घेतले. मालगाडीतून मी कँटोन्मेंट स्टेशनवर उतरले आणि तिथून बैलगाडीत बसून तलावावर आले. होडी बैलगाडीत बसलेली पाहून रस्त्यावरचे लोक हसत होते.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. शर्यती होत, टाळ्या वाजत, दर वर्षी मला नवा पांढरा रंग मिळे. पुढे देश स्वतंत्र झाला आणि साहेब आपल्या घरी निघून गेले. मला कुणीतरी काठावरच्या झाडाखाली पालथे घातले आणि मी तशीच राहिले. माझ्या पाठीवर बायका कपडे वाळत घालू लागल्या. पोटाखाली शेळ्या निजू लागल्या. वल्हे कुणी नेले ते कळलेच नाही. मागच्या फळीला वाळवी लागली, तेव्हा मला ती कुरतडताना ऐकू येई, पण सांगणार कुणाला?

शेवटी खंडोजी नावाच्या वखारवाल्याने मला उचलले. सागवान वाळलेले आहे, हलवायाच्या भट्टीला छान पेटेल, असे तो गडीमाणसांना सांगत होता. त्याच वेळी सायकलवरून एक मनुष्य चालला होता, तो थांबला. त्याचे नाव पद्माकर. पुण्याहून आलेला हा तरुण इथल्या विमानांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने सायकल झाडाला टेकवली आणि माझ्या फळ्यांवर बोटांनी टकटक केली.

“ही फोडू नका,” तो म्हणाला.

“मग काय पूजा करू?” खंडोजी म्हणाला. “मला जळण पाहिजे, अण्णा.”

“हिच्याइतकंच जळण मी दुसरं आणून दिलं तर?”

खंडोजीने हाताने गडीमाणसांना थांबवले. “सरी, चालेल,” तो म्हणाला. “पण घेऊन जा लगेच. उद्या तुमचं मन बदललं तर मी काय करू?”

अशी मी दुसऱ्यांदा बैलगाडीत बसले आणि पद्माकरच्या भाड्याच्या घरी, मागच्या अंगणात आले. घरमालक गुंडूराव. त्यांचे घराणे कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली, की दोन्ही वेगळ्या काढता येऊ नयेत. बाजारात त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. मला पाहून ते म्हणाले, “अय्यो, अण्णा! तुम्ही गाय आणणार वाटलं होतं मला. ही काय दूध देणार?”

पद्माकरची पत्नी प्रमोदिनी मात्र हसली नाही. ती दारात उभी राहिली होती. तिची लहान मुलगी अलका तिच्या पदराला धरून माझ्याकडे पाहत होती.

“अहो, हे काय आणलंत?” तिने विचारले.

“दिवसभर मी दुसऱ्यांच्या विमानांचे पंख ठोकतो,” पद्माकर म्हणाला. “उडतात ते दुसरेच. वाऱ्यावर चालणारं काहीतरी आपलंही असावं, असं वाटलं.”

प्रमोदिनी देवगडच्या खाडीकाठची. तिचे काका एका सकाळी होडी घेऊन गेले होते, ते आलेच नाहीत. तेव्हापासून तिने पाण्यात पाऊल घातले नव्हते. ती म्हणाली, “दुरुस्त करायची तर करा. पण माझी एक अट आहे. ही काठोकाठ पाण्याने भरली तरी बुडता कामा नये. तसं जमत असेल तर ठेवा, नाहीतर परत द्या.”

पद्माकरने मान डोलावली. मित्रांनो, अट घालणारी ती बाई मला तेव्हा कठोर वाटली. माझे किती चुकले होते, ते मला पुढे कळले.

सुटीच्या दिवशी काम सुरू झाले. आधी जुना रंग खरवडला. साहेबांच्या वेळचे रंगाचे इतके थर माझ्या अंगावर होते, की खालचे लाकूड मीच विसरले होते. वाळवीने खाल्लेली मागची फळी कापून काढली. एका पाडलेल्या घराचा सागवानी दरवाजा पद्माकरने मिळवला आणि त्यातून नवी फळी बसवून तिच्यावर माझे जुने नाव पुन्हा रंगवले. ढिले झालेले तांब्याचे खिळे त्याने एकेक करून पुन्हा ठोकले. मला वाटले, आता सारे सुरळीत होणार.

पण उन्हात पडून पडून माझ्या फळ्या आक्रसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये फटी पडल्या होत्या. पद्माकरचा हात धातूच्या कामाला सरावलेला. फट दिसली की ती गच्च बसवायची, एवढे त्याला माहीत. त्याने लाकडाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक फटीत हातोडीने ठोकून बसवल्या. मग मोठ्या अभिमानाने माझ्या पोटात पाणी भरले. एक थेंब गळला नाही. सगळे खूष झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडकन आवाज झाला. माझी एक बरगडी मोडली होती. थोड्या वेळाने दुसरीही मोडली. पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगल्या, त्यांना फुगायला जागाच उरली नव्हती आणि सारा जोर बरगड्यांवर आला. पद्माकर कामावरून आला आणि माझ्याजवळ मटकन बसला.

“मीच मोडलं हिला,” तो म्हणाला. “वाळवीतून वाचली ती मी मोडली.”

प्रमोदिनी चहा घेऊन बाहेर आली. तिने मोडलेल्या बरगडीवरून हात फिरवला. “आमच्याकडे लाकडी बादली उन्हात राहिली की गळायची. आई ती हौदात बुडवून ठेवायची, की आपोआप मिटायची. मलाही तेव्हा सुचलं नाही हो. फटीत काहीतरी मऊ घालायला हवं होतं, जे दबेल.”

“कापूस?” पद्माकर म्हणाला.

“कापूसच. वाती वळायच्या.”

मग काय मौज झाली म्हणून सांगू! प्रमोदिनी आणि गुंडूरावांच्या पत्नी शारदाबाई ओसरीवर बसून कापसाच्या लांबच लांब वाती वळू लागल्या. समईच्या वाती वळणाऱ्या हातांनी माझ्यासाठी दोरासारख्या वाती वळल्या. पद्माकरने त्या राळ आणि तेलात भिजवून हलक्या हाताने फटींत भरल्या. नव्या बरगड्यांसाठी लाकूड वाफवायला हवे होते. तेव्हा घरातला आंघोळीचा तांब्याचा बंब बाहेर आला. बंबाची वाफ एका नळीतून लाकडावर सोडली. लाकूड मऊ पडले की पद्माकर आणि गुंडूराव ते धावतपळत आणून माझ्या पोटात वाकवून बसवत. त्या रविवारी साऱ्या घराने गार पाण्याने आंघोळ केली.

शीड गुंडूरावांनी शिवले. तंबूच्या जाड कापडाचे, सुरेख, सरळ शिवणीचे. पण पद्माकरने ते दोरीवर ताणून पाहिले आणि डोके खाजवले. “गुंडूराव, हे चादरीसारखं सपाट आहे. पंखाला असतो तसा याला फुगीरपणा हवा.”

“म्हणजे कोटाला छातीपाशी देतो तसा?”

“हो, अगदी तसाच.”

“मग आधी सांगायचं नाही का, अण्णा! मी तुमच्या होडीला पंचा शिवला, तिला पाहिजे होता कोट!” असे म्हणून त्यांनी सगळ्या शिवणी उसवल्या आणि प्रत्येक पट्टी किंचित गोलाईत कापून पुन्हा जोडली. शीड शिवता शिवता त्यांनीच मला डेजम्मा हे नाव दिले. अलकाने ते उचलले आणि मग सगळ्यांनीच.

राहिली प्रमोदिनीची अट. पद्माकरने तेलाचे रिकामे डबे आणले, धुऊन वाळवले आणि त्यांची तोंडे डाख देऊन बंद केली. माझ्या बैठकीखाली आणि पुढच्या टोकात ते डबे पट्ट्यांनी आवळून बसवायचे होते. त्याआधी प्रमोदिनीने प्रत्येक डबा हौदात दाबून धरला आणि बुडबुडे येतात का ते पाहिले. एका डब्यातून एकच बारीक बुडबुडा आला.

“एवढ्याने काय होणार?” पद्माकर म्हणाला.

“परत डाख द्या,” ती म्हणाली. त्याने मुकाट्याने दिला.

मी पाण्यात उतरले त्या दिवशी अर्धे अलसूर काठावर जमले होते. पहिल्यांदा थोडे पाणी आत आले, मग फळ्या मिटल्या, आतले पाणी उपसले आणि मी कोरडी झाले. वारा शिडात भरला तेव्हा मित्रांनो, मी पुन्हा होडी झाले! त्यानंतरची काही वर्षे सुखाची गेली. दर रविवारी पद्माकर आणि अलका येत. प्रमोदिनी काठावर जेवणाचा डबा घेऊन बसे, पण माझ्यात कधी पाऊल ठेवत नसे.

मग एप्रिलमधली ती दुपार आली. आकाश कोंदट होते, वारा पडला होता आणि आम्ही तलावाच्या मध्यावर होतो. अचानक पलीकडच्या काठावर धूळ उठली. पद्माकरने शीड उतरवायला हात घातला, पण वारा त्याच्याआधी पोचला. मी एका क्षणात आडवी झाले. अलका एका बाजूला फेकली गेली. पद्माकर शिडाखाली सापडला आणि एका दोरीचा फास त्याच्या पायाला बसला. माझ्या पोटात पाणी धो धो शिरत होते. मागोमाग पाऊस आला आणि काठ दिसेनासा झाला.

मी बुडाले असते, तर ती दोरी पद्माकरला माझ्याबरोबर तळाशी घेऊन गेली असती. हे मला कळत होते आणि मला काहीच करता येत नव्हते. मी फक्त तरंगू शकत होते. पाणी काठोकाठ भरले. बैठकीखालचे डबे वर रेटू लागले, पट्ट्या करकरल्या, पण एकही सुटली नाही. मी तिथेच राहिले. आडवी, भरलेली, पण पाण्याच्या वर.

“बाबा!” अलका माझ्या काठाला धरून ओरडत होती. “बाबा, कुठे आहात?”

शिडाखालून एक हात आला, मग डोके. पद्माकरने खोल श्वास घेतला, पुन्हा खाली गेला आणि पायाची दोरी सोडवून वर आला. “मी आहे,” तो खोकत म्हणाला. “हिला सोडू नकोस. ही बुडत नाही. घट्ट धर.”

दोघे मला धरून राहिले. वारा आम्हाला हळूहळू काठाकडे ढकलत होता.

पावसाचा जोर ओसरला तेव्हा मला काठ दिसला. काठाच्याही अलीकडे, कमरेइतक्या पाण्यात प्रमोदिनी उभी होती. लुगडे भिजलेले, केस सुटलेले, दोन्ही हात पुढे. गुंडूराव मागून ओरडत होते, “अक्का, पुढे जाऊ नका, चिखल आहे!” तिला ऐकू येत नव्हते. तिने आधी अलकाला ओढून घेतले, मग पद्माकरचा सदरा मुठीत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. शेवटी तिने माझ्याकडे पाहिले.

“डबे?” तिने विचारले.

“सगळे टिकले,” पद्माकर म्हणाला.

ती पाण्यातच उभी राहून हसू लागली आणि हसता हसता रडली. मित्रांनो, मी लाकडाची आहे, तरी त्या क्षणी माझ्या सगळ्या फळ्या सैल झाल्यासारख्या मला वाटल्या.

पण त्यानंतर पद्माकर तलावावर येईना. त्याचा धीर सुटला होता. पाण्याने अर्धी भरलेली मी काठाला पडून राहिले आणि पुन्हा वाळवीचे, वखारीचे विचार मनात येऊ लागले. गुंडूराव एकदा येऊन मला बघून गेले. “अण्णा तुला कुणाला तरी देऊन टाकतो म्हणतात, डेजम्मा,” ते खिन्नपणे म्हणाले.

एका रविवारी सकाळी पावले वाजली. पाहते तो प्रमोदिनी, अलका आणि त्यांच्या मागे, जरा अंतर राखून, पद्माकर. प्रमोदिनीने पदर खोचला आणि तांब्याने माझ्यातले पाणी उपसायला सुरुवात केली.

“अगं, कशाला आता?” पद्माकर म्हणाला. “मी ठरवलंय.”

“तुम्ही एकट्याने ठरवलंत,” ती म्हणाली. “काकांना नेलं ती होडी वेगळी. हिने तुम्हा दोघांना घरी आणलं. डब्यांना गंज चढतोय बघा. कानस आणलीत का?”

“नाही.”

“अलका, बाबांच्या पिशवीतून काढ. मी ठेवली आहे.”

पद्माकरने चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि माझ्याजवळ गुडघे टेकले. दुपारपर्यंत तिघांनी मिळून गंज घासला, पट्ट्या आवळल्या, सुटलेल्या वाती पुन्हा भरल्या. संध्याकाळी मंद वारा सुटला. प्रमोदिनीने माझ्या काठावर हात ठेवला, एक पाय उचलला आणि आत आली. आधी ती दोन्ही हातांनी बैठक धरून बसली होती. तलावाला एक फेरी झाल्यावर तिने एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. अलका कॉलेजात जाते आणि मला एकटी चालवते. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. ती सायकल असेल, शिलाईचे यंत्र असेल, विहिरीचा रहाट असेल. तिला रंग जरूर द्या, पण आधी तिच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. आम्हाला बोलता येत नाही. आमचे दुखणे बघणाऱ्यालाच शोधावे लागते.

उद्या रविवार आहे, अलका येईल. माझ्या डाव्या कुशीतल्या खालच्या फळीला परवापासून किंचित ओल धरली आहे. तिला ती दिसेलच. पण तुमच्यापैकी कुणी सकाळी तलावावर फिरायला येणार असेल, तर तिला तेवढे सांगा.