काठोकाठ भरलेलं पिंप

ओडीलने सासऱ्यांचं पिंप भरलं, आणि तेही त्यांना न विचारता.

फ्रान्समधल्या आर्ब्वा गावच्या त्या तळघरात साव्हान्यां द्राक्षाची वाइन एकदा पिंपात शिरली की सहा वर्षं तिला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. लाकूड थोडी थोडी वाइन पीत जातं, वर जागा मोकळी होते, तिथे पांढरी साय धरते आणि सायीखाली वाइन पिवळी, अक्रोडाच्या वासाची होते. ओडील मात्र शेजारच्या बर्गंडी प्रांतातली. तिच्या माहेरी पिंप बोटभर उणं दिसलं तरी वडील घर डोक्यावर घ्यायचे. गुडघ्याच्या ऑपरेशनला आणि मग लेकीकडे हिवाळा काढायला जाताना सासरे आंसेल्म तिच्या हाती तळघराची किल्ली देऊन बजावून गेले होते, "कशाला हात लावू नकोस." तिने एकाच, नव्या वाइनच्या पिंपाला लावला; हिवाळाभर ते काठोकाठ भरत राहिली. ते परतले त्या दिवशी स्वतःच सांगूनही टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

"साय मोडलीस?" आंसेल्म लालबुंद झाले.

"धरूच दिली नाही, बाबा. मोडायचा प्रश्न येतो कुठे?"

नवरा, रेजिस, खिडकीबाहेर बघू लागला. असल्या वेळी त्याला बाहेर नेहमीच काहीतरी दिसायचं.

"रविवारी जेवताना चाखतो," आंसेल्म म्हणाले. "पाणचट निघाली तर किल्ली इकडे दे आणि बाटल्यांना लेबलं चिकटवत बस. कोंबडी कर, दुधाची साय आणि रानअळंबी घालून."

म्हातारा लबाड होता. ती कोंबडी म्हणजे पिवळ्या वाइनचं हक्काचं जेवण. त्या दाट रश्शापुढे ओडीलची कोवळी वाइन कुठल्या कुठे बुडाली असती. आणि किल्ली गेली की या घरात ती नुसती रेजिसची बायको उरणार होती. तेवढ्यासाठी तिने माहेरचं तळघर सोडलं नव्हतं.

"कोंबडी नाही. ट्राउट मासा करते."

"चाखणार मी आहे!"

"रांधणार मी आहे."

रविवारी तिने नदीतली ट्राउट लोण्यात खरपूस परतली, किल्ली स्वतःहून सासऱ्यांच्या ताटाशी ठेवली आणि पिंपातून एक जग भरून वाइन काढून आणली. आंसेल्मनी ग्लास नाकाशी नेला.

"अक्रोड कुठंय यात?"

"शोधू नका. मासा खा."

त्यांनी खाल्ला. वर घोट घेतला. लिंबाच्या सालीसारखी तरतरीत वाइन लोण्याला बरोबर कापत गेली. त्यांनी दुसरा मासा ओढला, मग कोवळ्या कोंते चीजचा जाडजूड तुकडा कापला आणि ग्लास आपल्याच हाताने पुन्हा भरला. ओडील गालात हसली.  पण जेवण झाल्यावर आंसेल्मनी किल्ली उचलली आणि काठी टेकत तळघराकडे निघून गेले. ओडील ताटं तशीच टाकून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"सूनबाई!" खालून आरोळी आली.

ती धावत उतरली. आंसेल्म पिंपाच्या तोंडात बोट घालून उभे होते, आणि बोट कोरडं होतं.

"जग भरून वाइन काढलीस आणि पिंप असंच उणं ठेवून वर आलीस? उद्या साय धरली म्हणजे?" त्यांनी किल्ली तिच्या हातात कोंबली. "आधी भर ते! माहेरी एवढंही शिकवलं नाही का?"